दोन बिल्ले, अठ्ठावीस बायका

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या कंपनीच्या संचालक महोदया. व्यासपीठावर उपस्थित असलेले आपले डॉक्टरसाहेब आणि कामगार संघटनेचे सरचिटणीस. तेवीस वर्षांत आपण कोणीच ज्यांना नावानं हाक मारली नाही, त्या आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सिस्टर. त्यांचे यजमान, कन्या आणि जावईबापू. आणि पहिली पाळी संपवून, हातावरचा डिंक नीट धुवायच्या आतच इथं येऊन बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला दहा मिनिटं मिळाली आहेत. माझ्या आधी बोललेल्या सरचिटणीसांनाही दहाच मिळाली होती, आणि त्यांनी ती पंचवीस मिनिटं पुरवली. त्यांच्याइतकी काटकसर मला जमणार नाही, पण प्रयत्न करतो.

सरचिटणीस सिस्टरना ममतेची मूर्ती म्हणाले. टाळ्याही पडल्या. माझा विरोध नाही. पण इथं ज्याचं ज्याचं बोट सिस्टरनी बांधलंय, त्यानं प्रामाणिकपणे सांगावं, आधी काय मिळालं? ममता की बोलणी? "हातमोजे कशाला दिलेत, खिशाला ऊब म्हणून?" हे वाक्य ऐकल्याशिवाय या कारखान्यात कोणाच्या जखमेला पट्टी लागलेली नाही. हसू नका, डॉक्टरसाहेब, तुम्हीही ऐकलंय.

मला आज सिस्टरच्या ममतेबद्दल बोलायचं नाही. त्यांच्या धंद्याच्या अकलेबद्दल बोलायचंय. तो विषय निरोप समारंभात सहसा निघत नाही, आणि परिचारिकेच्या तर नाहीच नाही. पण जुने लोक सोडले तर ही गोष्ट कोणाला पुरती माहीत नाही, आणि जुन्यांतल्याही बहुतेकांना तिचा एक भाग माहीत नाही. तो सांगायचं काम माझ्याकडे आहे.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा मी चिकटाई विभागाचा पर्यवेक्षक होतो. नवीन मंडळींसाठी सांगतो. छापून, कापून आलेला पुठ्ठा घडी घालायचा, कडेला डिंक लावायचा, दाबायचं, पंचवीस-पंचवीस खोक्यांचे गठ्ठे बांधायचे. दोन रांगा, एकेका रांगेत अठ्ठावीस बायका, सगळं काम उभ्यानं. डिंक वाळायला लागतो म्हणून हात थांबवून चालत नाही. खोकं वाकडं चिकटलं तर आपण ज्या औषध कंपनीला खोकी पुरवतो तिच्या यंत्रात ते अडकतं, आणि मग अख्खी गाडी परत येते. त्या वर्षी आपल्या तीन गाड्या परत आल्या होत्या.

त्याच वर्षी कंपनीनं आरोग्य सप्ताह केला. बाहेरून तज्ज्ञ आले. भिंतींवर फळांची चित्रं लागली. प्रत्येकाच्या कमरेला पावलं मोजायचं यंत्र बांधलं आणि जाहीर केलं, की आठवड्यात सर्वांत जास्त पावलं चालणाऱ्याला बक्षीस. आपले भांडारवाले, आज पाचव्या ओळीत मान खाली घालून बसलेत ते, त्यांनी ते यंत्र कड कापायच्या मशीनला बांधलं. मशीन दिवसभर थरथरतं. भांडारवाले एका दिवसात नव्वद हजार पावलं चालले, खुर्चीतून न उठता. बक्षिसाची छत्री त्यांनाच मिळाली.

सिस्टरनी त्या तज्ज्ञांना एकच प्रश्न विचारला होता. "दिवसभर उभ्या असलेल्या बायकांना तुम्ही चालायला सांगताय. त्यांना बसायला कधी सांगणार?" तज्ज्ञ म्हणाले, तो मुद्दा पुढच्या टप्प्यात आहे. पुढचा टप्पा आला नाही.

सिस्टरची खोली फाटकाशेजारी, वजनकाट्याला लागून. एक खाट, एक कपाट, एक नळ, आणि भिंतीवर कसलंही चित्र नाही. सुटीच्या वेळी पहारेकरी बाहेर जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासतात. एक दिवस आपले जुने पहारेकरीकाका, ते आता राहिले नाहीत, सिस्टरना सहज म्हणाले, "सिस्टर, एक विचारू का? या चिकटाईच्या बायका पाणी फिरायला आणतात का हो?"

"म्हणजे?"

"सकाळी बाटली भरून आत, संध्याकाळी तशीच भरून बाहेर. रोज."

काका चेष्टा करून मोकळे झाले. सिस्टर हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सुटीच्या वेळी त्या स्वतः फाटकावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाटल्या पाहिल्या. छप्पन्नपैकी एकेचाळीस बाटल्या झाकणापर्यंत भरलेल्या. मग त्यांनी आपली वही काढली. डोकेदुखीच्या गोळ्या कोण कधी नेतं? चिकटाईतल्या बायका, दुपारी तीन ते पाच. पोटात दुखतं, लघवीला जळजळ होते म्हणून दबक्या आवाजात कोण येतं? त्याच. मग त्या माझ्या टेबलाशी आल्या. "बाद झालेल्या खोक्यांच्या चिठ्ठ्या कुठं ठेवता?"

मी म्हणालो, "रद्दीत. हव्यात कशाला?"

"वाचायला."

मला वाटलं, रिकामपणचे उद्योग आहेत. दिल्या चार महिन्यांच्या चिठ्ठ्या पोत्यात भरून. पंधरा दिवसांनी त्या एका कागदावर सगळं मांडून घेऊन आल्या. वाकडी खोकी सकाळी कमी, जेवणानंतर थोडी जास्त, आणि तीननंतर एकदम दुप्पट. डोकेदुखीच्या गोळ्यांची वेळ आणि वाकड्या खोक्यांची वेळ एकच.

आता बायका पाणी का पीत नव्हत्या? कारण पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि जायचं तर बिल्ला लागायचा.

हा बिल्ला काय होता, ते तरुण मुलींना माहीत नसेल. माहीत नाही याचा मला आनंद आहे. पर्यवेक्षकाच्या टेबलामागे भिंतीला खिळा, खिळ्याला एकेका रांगेचे लाल प्लॅस्टिकचे दोन-दोन बिल्ले, म्हणजे अठ्ठावीस बायकांत दोन. स्वच्छतागृहात जायचं तर टेबलाशी यायचं, बिल्ला उचलायचा, वहीत वेळ लिहायची, परत आल्यावर पुन्हा लिहायची. सहा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर कारण सांगायचं. कोणाला? पर्यवेक्षकाला. म्हणजे मला, एका पुरुषाला, सगळ्या रांगेसमोर. बायकांचं एक स्वच्छतागृह चालू होतं. दुसऱ्याला कुलूप होतं, आत जुने साचे आणि मोडक्या ढकलगाड्या भरलेल्या. मग बायकांनी काय केलं? जे कोणतीही शहाणी बाई करील तेच. पाणीच सोडलं.

सिस्टरनी अर्ज लिहून माझ्याकडे दिला. बिल्ले काढा, कुलूप उघडा, रांगेजवळ पाणी ठेवा, पाळीपाळीनं टेकायला स्टुलं द्या. मी अर्जावर लिहिलं, 'योग्य वेळी विचार करू,' आणि तो खणात ठेवला. महिन्याभरानं दुसरा अर्ज आला. तोही पहिल्याच्या सोबतीला गेला.

आता थोडं घरचं सांगतो, माफ करा. माझी थोरली बहीण त्याच रांगेत होती. आमचे वडील लवकर गेले. मला तिनंच शिकवलं, आणि या कारखान्यात माझ्यासाठी शब्दही तिनंच टाकला होता. घरी मला ती 'धाकट्या' म्हणायची आणि रांगेत 'साहेब'. मी पर्यवेक्षक झालो त्या दिवशी तिनं सगळ्या रांगेला बजावलं होतं, "तो माझा भाऊ आहे हे विसरा. मी पण विसरणार आहे." आज ती सिस्टरच्या आमंत्रणावरून आलीय, माझ्या नव्हे.

दुसरा अर्ज खणात गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, ताई बांधलेल्या गठ्ठ्यावर बसली आणि तिला उठताच येईना. अंग थरथरत होतं. सिस्टर धावत आल्या, कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "मालाची गाडी रिकामी करा. रुग्णवाहिकेची वाट बघत बसायचं नाही." त्या गाडीतून आम्ही तिला नेलं. लघवीच्या संसर्गाचं विष मूत्रपिंडापर्यंत चढलं होतं. अकरा दिवस ती रुग्णालयात होती, पहिले तीन दिवस तर बरेच वाईट गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "या पाणी पीत नाहीत का? आणि लघवी धरून ठेवतात का? कामावर सोय नाही का?"

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

चौथ्या दिवशी ताईचा ताप उतरला. मी तिला म्हणालो, "ताई, मला एका शब्दानं सांगायचंस ना."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, "काय सांगायचं होतं, धाकट्या? तू भाऊ, म्हणून हे बोलता येत नाही. तू साहेब, म्हणूनही बोलता येत नाही. दोन्हीकडून तोंड बंद."

मंडळी, मी त्या संध्याकाळी रुग्णालयातून थेट सिस्टरच्या खोलीत गेलो. म्हणालो, "उद्याच बिल्ले काढून टाकतो."

कोणालाही वाटेल, सिस्टर खूश झाल्या असतील. त्यांनी मला विचारलं, "ताई आजारी पडली म्हणून काढताय, की माझे आकडे पटले म्हणून?"

"खरं सांगू? ताईमुळे."

"मग थांबा. ताईमुळे काढलेत तर ती मेहेरबानी झाली. मेहेरबानी माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते. उद्या तुमची बदली झाली की नवा साहेब पुन्हा खिळा ठोकेल. मला हे मालकांकडून हवंय, आणि धंद्याचं म्हणून हवंय."

तेव्हा मला राग आला होता. आज कळतं, की त्या खोलीत दोघांपैकी व्यवहार एकालाच कळत होता, आणि तो एक मी नव्हतो.

त्यांनी सहा आठवडे मागितले. एका रांगेला कुलुपाचं सोडून बाकी सगळं द्यायचं, दुसरी होती तशीच ठेवायची. दुसऱ्या रांगेतल्या बायकांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, "सहा आठवडे तुम्हाला वाट बघायला लावतेय. माझ्यावर रागवा, पण पाणी प्या." बायका रागावल्याही. एक तर सिस्टरशी महिनाभर बोलत नव्हती.

आणि सगळं सुरळीत झालं असं नाही बरं का! पहिल्या आठवड्यात बिल्ल्याविना मोकळ्या झालेल्या बायका इतक्या वेळा उठल्या, की रोजची चारशे खोकी कमी पडली. मी घाबरलो. सिस्टर म्हणाल्या, "वर्षभर दाबून ठेवलेलं आहे, साहेब. आठवडा द्या." दुसऱ्या आठवड्यातही दोनशे कमी. मी प्रयोग बंद करायचा कागद लिहून ठेवला होता. तिसऱ्या आठवड्यात आकडा जाग्यावर आला, चौथ्यात वर गेला. आधी हजारात बावन्न खोकी बाद होत होती, ती एकतीसवर आली. त्या रांगेचे आजारपणाचे खाडे एकेचाळीस दिवसांवरून तेवीसवर आले. शेजारची रांग जिथल्या तिथं. तिघींची डोकेदुखी मात्र काही केल्या जाईना. शेवटी कळलं, त्यांना चष्मा हवा होता. आपली दरवर्षीची डोळे तपासणी तिथून सुरू झाली.

मालकांनी, म्हणजे अध्यक्ष महोदयांच्या वडिलांनी, सिस्टरना सात मिनिटं दिली. जेवणानंतरची, म्हणजे सर्वांत वाईट. त्या पांढऱ्या कपड्यांत एक कागद घेऊन उभ्या राहिल्या.

मालक म्हणाले, "सिस्टर, तब्येतीचं मला कळत नाही. मला धंद्याचं सांगा."

"धंद्याचंच सांगते, साहेब. तीननंतर तुमची खोकी दुप्पट वाकडी होतात. का, ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. या वर्षी नऊ जणी काम सोडून गेल्या. नवी बाई तयार व्हायला तीन महिने लागतात. त्या नऊ जणींपैकी सहा माझ्याकडे पोटदुखीसाठी येऊन गेल्या होत्या."

मालकांनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग विचारलं, "किती खर्च येईल?"

"दुसऱ्या स्वच्छतागृहाचं कुलूप उघडायला किल्ली लागेल. ती सापडली नाही तर कुलूप तोडायला हातोडी लागेल. पाण्याची भांडी आणि स्टुलं यांची यादी मागच्या पानावर आहे."

मालक हसले. हसू ओसरलं तसे म्हणाले, "एवढं साधं होतं, तर ही बिल्ल्याची अक्कल होती कोणाची?"

सिस्टर म्हणाल्या, "कंपनीची, साहेब. कंपनीनंच लावले, कंपनीनंच काढावे."

आणि विषय संपला. त्याच महिन्यात दोन्ही रांगांचे बिल्ले गेले. दुपारी तीनची सुट्टी, स्टुलं, डोळ्यांची तपासणी, वजन उचलायचं शिकवणं, हे जे आज तुम्हाला जन्मापासून असल्यासारखं वाटतं, ते सगळं त्या सात मिनिटांतून निघालं. गेल्या वर्षी चिकटाईतून दोघीच काम सोडून गेल्या, त्यातल्या एकीचं लग्न झालं. औषध कंपनीकडून सहा वर्षांत एकही गाडी परत आलेली नाही.

आता तो राहिलेला भाग.

बिल्ल्याची अक्कल कंपनीची नव्हती. ती माझी होती. बिल्ले मी आणले, खिळा मी ठोकला, सहा मिनिटांचा नियम माझ्या हस्ताक्षरात होता. 'माणसं जागेवर नसतात' अशी वरून तक्रार आली होती, आणि मी नवा होतो, चमकायची घाई होती. त्या योजनेसाठी मला शाबासकीचं पत्र मिळालं होतं. चिकटाईतल्या जुन्या बायकांना हे माहीत आहे. त्यांच्यासमोरच ठोकला होता खिळा. पण मालकांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी त्याच खोलीत, सिस्टरपासून दोन हातांवर बसलो होतो. मी समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायलो. पेला रिकामा केला, पण तोंड उघडलं नाही.

पुढं तर कमालच झाली. चिकटाई विभाग सुधारल्याबद्दल वर्षअखेरीला सत्कार कोणाचा झाला? माझा. बिल्ले लावल्याबद्दल शाबासकी आणि काढल्याबद्दल सत्कार. असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

त्या बैठकीनंतर मी जिन्यात सिस्टरना गाठलं होतं. विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

त्या म्हणाल्या, "घेतलं असतं तर उरलेली बैठक तुमच्यावर झाली असती. मला सातच मिनिटं होती."

बस, एवढंच. मला वाचवायचा त्यांचा विचारही नव्हता. त्यांना काम वाचवायचं होतं. त्यात मी वाचलो. आणि नऊ वर्षांत त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, टोमण्यातसुद्धा नाही. टोमण्यांची त्यांच्याकडे काय कमतरता होती?

आज हे का सांगतोय? तर, गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर एक प्रस्ताव आला. सिस्टर निवृत्त झाल्या की त्यांची जागा भरू नये, त्याऐवजी प्रत्येकाच्या फोनवर आरोग्याचा सल्ला देणारी सोय घ्यावी. कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून मला अभिप्राय लिहायचा होता. सोय वाईट नाही, मी वापरून पाहिली. पण फोन फाटकावर उभा राहून बाटल्या मोजणार नाही. रद्दीतल्या चिठ्ठ्या मागणार नाही. मी सिस्टरच्याच पद्धतीनं लिहिलं. तब्येतीचं कमी, धंद्याचं जास्त. नऊ वर्षांपूर्वीचा तो कागद सोबत जोडला, आणि लिहिलं, जागा भरावी.

परवा अध्यक्ष महोदयांनी मला बोलावलं. सगळं वाचून झालं होतं. त्यांनी विचारलं, "यात एक गोष्ट कुठंच नाही. हे बिल्ले लावले कोणी?"

तोच प्रश्न, वडिलांनंतर मुलीनं. मी म्हणालो, "मी."

त्यांनी तो जुना कागद पुन्हा उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "सिस्टरना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी जागेच्या कागदावर सही केली. नव्या सिस्टर एक तारखेपासून येत आहेत. त्या आज तिसऱ्या ओळीत, खिडकीकडे बसल्या आहेत. बाई, जरा उभ्या राहा, सगळ्यांना दिसू दे. सही करून झाल्यावर अध्यक्ष महोदया मला म्हणाल्या होत्या, "हे तुम्ही मला एकटीलाच सांगून भागेल का?" त्यांनी हुकूम केला नव्हता. पण दोन दिवस तो प्रश्न माझ्याबरोबर जेवत होता, माझ्याबरोबर झोपत होता. म्हणून तेवढ्यावर भागवलं नाही.

सिस्टर, तुम्ही आता घरी विश्रांती घेणार असं सगळे म्हणतात. तुमच्या यजमानांच्या चेहऱ्यावरून तसं वाटत नाही. आमच्याकडून एक विनंती, महिन्यातून एकदा फाटकाशी येऊन उभ्या राहत जा. नुसत्या उभ्या राहा. आम्ही सुधारू.

अध्यक्ष महोदयांनी हा समारंभ दुसऱ्या पाळीच्या वेळेत घ्यायला परवानगी दिली, संघटनेनं खुर्च्या मांडल्या, डॉक्टरसाहेब दवाखाना बंद ठेवून आले, आणि तुम्ही सर्वांनी दहाऐवजी वीस मिनिटं मला ऐकून घेतलंत. सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर ती चूक माझी समजून पोटात घाला. बिल्ल्यांची चूक मात्र पोटात घालू नका. चिकटाईच्या बायकांनी आधीच खूप काही पोटात दाबून ठेवलंय.

धन्यवाद.